देठाचा नकाशा

मेंदूचे चित्र काढायला सांगितले तर बहुतेक माणसे अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला एक गोळा काढतात आणि थांबतात. त्या गोळ्याखाली अंगठ्याएवढ्या जाडीचा, सात-आठ सेंटिमीटर लांबीचा जो देठ असतो, तो या चित्रात सहसा येत नाही. मेंदूविज्ञानाच्या इतिहासातही फार काळ असेच घडले. भाषा, स्मृती, कल्पना, विवेक या प्रतिष्ठित गोष्टींची घरे वरच्या सुरकुत्यांत शोधली गेली. श्वास, नाडी, गिळणे, उचकी अशी नित्याची कामे देठाच्या पदरात टाकून अभ्यासक वर निघून गेले. वास्तविक वरच्या मेंदूचा मोठा भाग निकामी झाला तरी माणूस जगू शकतो, डोळे उघडू-मिटू शकतो. देठातील नेमक्या जागी झालेली लहानशी इजा मात्र त्याला गाढ बेशुद्धीत लोटू शकते.

या देठाला शास्त्रीय मराठीत मस्तिष्कस्तंभ म्हणतात. मेरुरज्जू कवटीत शिरतो तिथे लंबमज्जा, तिच्यावर सेतू आणि त्याच्यावर मध्यमस्तिष्क असे त्याचे तीन भाग. हा देठ उर्वरित मेंदूशी कोणकोणत्या धाग्यांनी बांधलेला आहे, हे चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्राने, म्हणजे ज्याला आपण सारे एमआरआय म्हणतो त्या यंत्राने, रेखाटण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकात नेटाने होत आले आहेत. त्या प्रयत्नांचा आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या दीर्घ पूर्वेतिहासाचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्यापाशी त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, हे नकाशे डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूची चित्रे नव्हेत. ती वाचने आहेत, आणि वाचन कसे चुकते हा आपल्या आस्थेचा विषय आहे. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. एखादे माणूस अजून ‘आहे’ की ‘नाही’, हा प्रश्न आज कायदा आणि वैद्यक या देठापाशी येऊन विचारतात.

१. खालून पाहणारा माणूस

सोळाव्या शतकापर्यंत शवविच्छेदनात मेंदू वरून खाली कापण्याची रीत होती. कवटी काढायची, वरचे थर एकेक करून उतरवायचे आणि तळाशी पोचायचे. तळ येईपर्यंत मेंदू मऊ पडलेला असे आणि देठाचे बारकावे हाती लागत नसत. बोलोन्या येथील कोस्तान्झो व्हारोलिओ याने हा क्रम उलटा केला. त्याने मेंदू कवटीतून बाहेर काढला, पालथा केला आणि तळापासून वर पाहायला सुरुवात केली. १५७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात देठाच्या मधल्या फुगीर भागाचे वर्णन आहे. त्याला त्याने पूल म्हटले. पुलाखालून पाण्याचा प्रवाह जावा तशी मज्जा या भागाखालून जाते, असे त्याला दिसले. आजही तो भाग व्हारोलिओचा सेतू म्हणून ओळखला जातो.

या घटनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, नवे काही दिसण्यासाठी नवे उपकरण लागले नाही. पाहण्याची दिशा बदलावी लागली. दुसरी म्हणजे, जे दिसले ते लगेच रूपकात शिरले. सेतू म्हटला की दोन काठ आले, वाहतूक आली. पण सेतूला स्वतःचे मत असते, असे कोणी मानत नाही. देठाविषयीच्या पुढच्या कित्येक शतकांच्या उपेक्षेचे बीज आम्हाला या नावातही दिसते. देठ, स्तंभ, सेतू ही तिन्ही नावे आधार देणाऱ्या, वाहून नेणाऱ्या वस्तूंची आहेत. तिथे काही ठरते, असे त्यांतले एकही नाव सुचवत नाही.

१८१२ साली लगाल्वा या फ्रेंच वैद्याने सशांवरील आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. मेंदूचे वरचे भाग काढत गेले तरी श्वास चालू राहतो. लंबमज्जेतील एका ठरावीक पातळीवर छेद गेला की मात्र तो थांबतो, असे त्याने दाखवले. पुढे फ्लुरांस याने या ठिकाणाला ‘जीवनाची गाठ’ असे नाव दिले. रूपक बदलले: सेतूच्या शेजारी आता एक गाठ आली. तरीही ती शरीराच्या जगण्याची गाठ होती. मनाच्या जगण्याशी देठाचा काही संबंध असेल, ही कल्पना अजून दूर होती.

२. झोपेची साथ आणि मांजराची जाग

ती जवळ आणली एका विचित्र रोगाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेंदूज्वराचा एक प्रकार युरोपात पसरला. त्यातले बरेच रोगी दिवसेंदिवस झोपून राहत. काहींना उलट झोपच येईनाशी होई. व्हिएन्नातील कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो याने १९१७ साली या रोगाचे वर्णन केले आणि मृत रोग्यांचे मेंदू तपासले. झोपाळू रोग्यांमध्ये मध्यमस्तिष्क आणि त्याच्या वरचा भाग जिथे जुळतात तिथे इजा आढळे. निद्रानाश झालेल्यांत ती त्याच्या पुढच्या बाजूस असे. झोप म्हणजे केवळ थकलेल्या मेंदूची विश्रांती नाही. तिच्यासाठी आणि जागेपणासाठी मेंदूत ठरलेली ठिकाणे आहेत, असा अर्थ त्यातून निघाला. या साथीतून वाचलेल्या आणि पुढे दशकानुदशके जणू गोठून गेलेल्या रोग्यांची हकिगत ऑलिव्हर सॅक्स यांनी १९७३ सालच्या ‘अवेकनिंग्ज’ या पुस्तकात सांगितली. इंग्रजीच्या अभ्यासकांना ते परिचित असेल.

पुढचा टप्पा बेल्जियममधील फ्रेडरिक ब्रेमेर याचा. १९३५ साली त्याने मांजराच्या मध्यमस्तिष्काच्या पातळीवर छेद घेतला. छेदाच्या वरचा मेंदू कायम झोपेतल्यासारख्या संथ विद्युत्‌लहरी दाखवू लागला. छेद खाली, मेरुरज्जू सुरू होतो तिथे घेतला, तर मात्र झोप आणि जाग आलटून पालटून येत राहिली. म्हणजे जागेपणाचे काहीतरी या दोन छेदांच्या मध्ये होते. ब्रेमेरने त्याचा अर्थ असा लावला की, वरच्या छेदामुळे बहुतेक इंद्रियांच्या वाटा तुटल्या. बाहेरून बातमी येईनाशी झाली म्हणून मेंदू झोपला. मेंदू हा बाहेरच्या हाकेने जागा होणारा, हाक नसेल तर निजणारा, अशी ही कल्पना होती.

१९४९ साली जुझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनी ती मोडली. भूल दिलेल्या मांजराच्या देठाच्या गाभ्यात, जाळीसारख्या विस्कळीत दिसणाऱ्या पेशींच्या प्रदेशात, त्यांनी विद्युत्‌प्रवाह सोडला. कोणत्याही इंद्रियाची वाट न चेतवता वरच्या मेंदूतील संथ लहरी नाहीशा झाल्या आणि जागेपणीच्या भरभर लहरी उमटल्या. त्याच सुमारास त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट तपासणीही केली. इंद्रियांच्या वाटा तोडून जाळी शाबूत ठेवली तर मांजर जागे राहू शकते. वाटा शाबूत ठेवून जाळी नष्ट केली तर ते झोपून राहते. जाग बाहेरून येत नाही, ती देठातून वर चढते, असा निष्कर्ष यातून निघाला. वर चढणारी जागृतिव्यवस्था ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली.

३. निळी जागा

‘जाळे’ हे रूपकही पुढे तोकडे ठरले. जाळ्यात सगळ्या गाठी सारख्या असतात, देठातल्या नव्हत्या. १९६४ साली स्वीडनमधील डालस्ट्रम आणि फुक्से यांनी उंदराच्या मेंदूचे पातळ काप फॉर्माल्डिहाइडच्या वाफेने प्रकाशमान करून पाहिले आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन, डोपामाइन, सेरोटोनिन ही द्रव्ये बनवणाऱ्या पेशींचे स्वतंत्र पुंजके देठात आहेत असे दाखवून दिले. प्रत्येक पुंजक्याला त्यांनी अक्षर आणि अंक दिले. विस्कळीत वाटणाऱ्या जाळीत वस्त्या होत्या, आणि प्रत्येक वस्तीची आपली बोली होती.

या वस्त्यांपैकी एकीचे लॅटिन नाव ‘लोकस सेरुलियस’. त्याचा शब्दशः अर्थ निळी जागा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिला हे नाव मिळाले ते कापलेल्या मेंदूत दिसणाऱ्या तिच्या निळसर छटेमुळे. माणसात ती जेमतेम दीड सेंटिमीटर लांब आणि एक-दोन मिलिमीटर रुंद असते. पण तिचे तंतू मेंदूच्या जवळजवळ सर्व भागांत पसरतात आणि जाग व सावधपणा यांत त्यांचा मोठा वाटा असतो. मराठीत ‘जागा’ म्हणजे ठिकाण आणि ‘जागा’ म्हणजे न झोपलेला. हा निव्वळ भाषिक योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण निळ्या जागेचे काम लक्षात ठेवायला आमच्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेल.

इथे एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. धाग्यांचे हे सारे ज्ञान मांजर, उंदीर, माकड यांच्यापासून आलेले होते. गोल्जीने १८७३ साली चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची रीत शोधली आणि काहालने तिचा वापर करून चेतापेशी सुट्या, स्वतंत्र असतात हे दाखवले. १९०६ साली या दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि दोघांनी आपल्या व्याख्यानांत परस्परविरोधी मते मांडली. एकाच रंगपद्धतीने रंगवलेले काप पाहून दोन थोर वाचकांनी दोन अर्थ लावले होते. पण एक पेशी पाहणे वेगळे आणि तिचा तंतू दूरवर कुठे पोचतो हे पाहणे वेगळे. त्यासाठी पुढे ज्या पद्धती निघाल्या, त्यांत जिवंत प्राण्याच्या मेंदूला मुद्दाम इजा करावी लागे किंवा त्यात मागकाढू द्रव्य टोचावे लागे, आणि मग त्या प्राण्याला मारून त्याचे काप पाहावे लागत. माणसाच्या बाबतीत हे अशक्य होते, आणि अशक्यच असले पाहिजे. म्हणून माणसाच्या देठाची अंतर्गत रचना ठाऊक होती, ओल्शेव्स्की आणि बॅक्स्टर यांचा १९५४ सालचा पेशीरचनेचा नकाशासंग्रह उपलब्ध होता. परंतु वस्त्यांमधल्या वाटा पुष्कळशा इतर प्राण्यांवरून अनुमानाने मांडल्या जात.

४. पाण्याची साक्ष

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा मिळवण्याची रीत ‘नेचर’मध्ये मांडली. त्यांची पहिली प्रतिमा पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांची होती. हा आरंभ सूचक म्हणावा लागेल. कारण या यंत्राला मुख्यतः दिसते ते पाणी. पाण्याच्या रेणूंतील हायड्रोजनची केंद्रके प्रबळ चुंबकक्षेत्रात ठरावीक कंपनाला प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादातून चित्र रचले जाते. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना या कामासाठी २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पाणी स्थिर नसते. त्याचे रेणू सतत इकडे तिकडे भरकटत असतात. मोकळ्या भांड्यात ते सर्व दिशांना सारखेच पसरतात. चेतातंतूंच्या जुडीत मात्र तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते सहज सरकतात आणि आडव्या दिशेने त्यांची अडवणूक होते. उसाच्या पेरात रस कसा लांबीच्या दिशेने चढतो, तशी ही गोष्ट. १९८० च्या दशकाच्या मध्यास दनी ल बिआँ यांनी हे भरकटणे जिवंत माणसाच्या मेंदूत एमआरआयने मोजून दाखवले. १९९४ साली पीटर बासर आणि सहकाऱ्यांनी त्याची दिशा गणिताने व्यक्त करण्याची पद्धत दिली. १९९९ च्या सुमारास एका ठिपक्याची दिशा पुढच्या ठिपक्याच्या दिशेशी जोडत जाऊन तंतूंचे मार्ग रेखाटणे सुरू झाले. रंगीबेरंगी रेशमाच्या लडींसारखी मेंदूची जी चित्रे आज पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दिसतात, ती याच पद्धतीची.

दुसरी एक पद्धतही याच काळात वाढली. सेइजी ओगावा यांनी १९९० साली रक्तातील प्राणवायूच्या बदलांचा माग एमआरआयने काढता येतो हे दाखवले. १९९५ साली भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी नोंदवले की, माणूस काही न करता नुसता पडून असला तरी मेंदूतील काही दूरचे प्रदेश एका लयीत चढ-उतार करतात. या सहलयीवरून त्यांच्यातील संबंध अनुमानता येतो. पहिली पद्धत वाटा दाखवते, दुसरी व्यवहार दाखवते. दोन गावांची जत्रा एकाच दिवशी भरते म्हणून त्यांच्यात सरळ रस्ता असेलच असे नाही, आणि रस्ता आहे म्हणून येणे-जाणे असेलच असेही नाही. म्हणून दोन्ही पद्धती एकमेकींना पुरवून वापराव्या लागतात.

वरच्या मेंदूसाठी या पद्धती झपाट्याने वापरात आल्या. २००५ साली ‘कनेक्टोम’ हा शब्द रूढ झाला आणि मेंदूच्या सर्व जोडण्यांची नोंद करण्याची महत्त्वाकांक्षा बोलून दाखवली गेली. देठ मात्र पुन्हा मागे राहिला, आणि या खेपेस कारण केवळ उपेक्षा नव्हते. देठातील वस्त्या काही मिलिमीटरांच्या. नेहमीच्या चित्रातील एक ठिपकाही तेवढाच मोठा. देठाभोवती पाणी आणि ठळक रक्तवाहिन्या. प्रत्येक ठोक्यासरशी तो किंचित हलतो, प्रत्येक श्वासासरशी चुंबकक्षेत्रात फरक पडतो. म्हणजे जो देठ श्वास आणि नाडी चालवतो, त्याचेच चित्र श्वास आणि नाडी यांमुळे पुसट होते. जिवंत देठाचा नकाशा काढण्यातली मुख्य अडचण त्याचे जिवंतपण हीच आहे.

त्यावर हळूहळू उपाय निघाले. श्वास आणि नाडी यांची वेगळी नोंद ठेवून त्यांचा परिणाम गणिताने वजा करण्याच्या रीती आल्या. २००६ साली जपानमधील संशोधकांनी निळ्या जागेतील रंगद्रव्याचा उपयोग करून ती जिवंत माणसात एमआरआयवर उजळलेली दाखवली. पुढे सात टेस्ला क्षमतेची यंत्रे आली. इस्पितळातील नेहमीची यंत्रे दीड किंवा तीन टेस्लाची असतात. बोस्टनमधील मार्ता ब्यांचार्दी आणि सहकाऱ्यांनी अशा यंत्रांवर देठातील केंद्रकांचा जिवंत माणसांवरून नकाशासंग्रह सिद्ध केला. त्याच्या आधारे २०२४ साली जस्टिन हॅन्सन, ब्रातिस्लाव्ह मिसिक आणि सहकाऱ्यांनी २० व्यक्तींच्या मेंदूंतील देठाची ५८ केंद्रके आणि वरच्या मेंदूचे ४०० प्रदेश यांच्या सहलयीचा आलेख प्रसिद्ध केला. देठाचे वेगवेगळे भाग स्मृती, भावना, हालचाल, संवेदन अशा वेगवेगळ्या कामांच्या प्रदेशांशी निरनिराळ्या प्रमाणात जोडलेले त्यात दिसतात. व्हारोलिओनंतर साडेचार शतकांनी मेंदूकडे पुन्हा एकदा तळापासून पाहिले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

५. प्रक्षिप्त धागे

आता वाचनाच्या प्रश्नाकडे येऊ. तंतूंचा माग काढणारी पद्धत एकही तंतू पाहत नाही, हे विसरून चालणार नाही. एका ठिपक्यात लाखो तंतू असू शकतात. यंत्राला त्या साऱ्यांचा मिळून एक प्रतिसाद मिळतो. त्या ठिपक्यात तंतू एकमेकांना छेदत असले, वळत असले किंवा नुसतेच शेजारून जात असले, तर पुढची वाट कोणती हे गणिताला ठरवावे लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेत २० संशोधकगटांना मुद्दाम घडवलेले एक प्रतिरूप देण्यात आले. त्यात तंतूंच्या २५ जुड्या होत्या आणि त्या कुठून कुठे जातात हे परीक्षकांना आधीच ठाऊक होते. बहुतेक गटांना खऱ्या जुड्यांपैकी पुष्कळशा सापडल्या; परंतु त्यांच्याबरोबर अस्तित्वातच नसलेल्या जुड्याही सापडल्या, आणि त्या संख्येने खऱ्यांहून जास्त होत्या.

आपल्याला हे अपरिचित वाटू नये. हस्तलिखितांतून संहिता ठरवणाऱ्या संपादकापुढे हाच प्रश्न असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा हेच काम करावे लागले: पाठ पुष्कळ सापडतात, सुसंगतही वाटतात, त्यांतले मूळचे कोणते आणि प्रक्षिप्त कोणते? एखादा श्लोक प्रसंगात चपखल बसतो म्हणून तो मूळचा ठरत नाही. तसेच एखादा धागा आपल्या सिद्धान्तात चपखल बसतो म्हणून तो मेंदूत असतोच असे नाही. दोन्हीकडे उपाय एकच: स्वतंत्र परंपरांतून आलेली साक्ष पडताळून पाहणे. मेंदूच्या बाबतीत ती साक्ष प्राण्यांवरील मागकाढू प्रयोगांची, मृत मानवी मेंदूच्या कापांची आणि रुग्णांच्या इजांची असते.

आणखी एक मर्यादा तर साध्या व्याकरणाची आहे. पाणी तंतूतून दोन्ही दिशांना सारखेच सरकते. म्हणून हा नकाशा ‘देठ आणि वरचा मेंदू यांच्यात वाट आहे’ एवढेच सांगतो. कोण कोणाला सांगतो आहे, हे तो सांगू शकत नाही. कर्ता आणि कर्म यांतला भेद या भाषेत नाही. ‘वर चढणारी’ जागृतिव्यवस्था असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले ‘वर चढणारी’ हे विशेषण मांजर-उंदरांच्या मेंदूंतून आलेले असते. एमआरआयने ते दिलेले नसते. रंगीत चित्र पाहताना हे विसरायला होते, कारण चित्र पुराव्यासारखे दिसते आणि टीप कोणी वाचत नाही.

६. जाग आणि भान

या साऱ्या चर्चेत माणसाचे काय पणाला लागले आहे? मराठी बोलण्यात आपण जाग, शुद्ध, भान असे तीन शब्द वापरतो. वैद्यकाला त्यांतले दोन तरी काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. डोळे उघडणे, झोप आणि जागेपणा यांचे चक्र चालणे ही जाग. आपण आहोत, समोर कोणी आहे, हे कळणे म्हणजे भान. गाढ बेशुद्धीत दोन्ही नसतात. काही रुग्णांत जाग परत येते, पण भानाची खूण दिसत नाही. आणि काहींच्या बाबतीत भान पूर्ण असते, पण ते कळवायला शरीर उरत नाही.

या शेवटच्या अवस्थेची ओळख वाङ्मयाला वैद्यकाआधी झाली. द्युमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या १८४० च्या दशकातील कादंबरीत न्वार्तिए नावाचा वृद्ध आहे. त्याचे सारे शरीर लुळे पडले आहे आणि तो केवळ डोळ्यांनी, शब्दकोशाच्या साहाय्याने बोलतो. वैद्यकाने या अवस्थेला ‘लॉक्ड-इन’ हे नाव दिले ते १९६६ साली, प्लम आणि पोस्नर यांच्या ग्रंथात. देठातील सेतूच्या पुढच्या भागाला इजा झाली की खाली जाणाऱ्या वाटा तुटतात. त्याच सेतूच्या मागच्या भागातून जाणारी जागृतीची व्यवस्था मात्र शाबूत राहते. १९९५ च्या डिसेंबरात फ्रेंच संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांना नेमके हेच झाले. डाव्या डोळ्याची पापणी मिटून अक्षरामागून अक्षर निवडत त्यांनी एक पुस्तक सांगितले. १९९७ च्या मार्चमध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर काही दिवसांतच ते वारले. सेतूच्या पुढच्या आणि मागच्या भागांत काही मिलिमीटरांचेच अंतर असते. एका बाजूला बोबींचे पुस्तक आहे, दुसऱ्या बाजूला गाढ बेशुद्धी.

म्हणूनच जागृतीच्या वाटांचा मानवी नकाशा हवा होता. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील ब्रायन एडलो आणि सहकाऱ्यांनी या दिशेने २०१२ साली एक नकाशा मांडला आणि २०२४ साली अधिक विस्तृत नकाशा प्रसिद्ध केला. मेंदूचा आजार नसलेल्या तीन मृत व्यक्तींचे मेंदू त्यांनी मिलिमीटरहून बारीक ठिपक्यांनी टिपले. मृत मेंदूत नाडी नसते, श्वास नसतो, आणि यंत्राला तासन्‌तास वेळ देता येतो. मग तेच मेंदू कापून, पेशी रंगवून केंद्रके निश्चित केली. जिवंतपणीच्या व्यवहारासाठी ८४ निरोगी व्यक्तींच्या सात टेस्ला यंत्रावरील नोंदी वापरल्या. निवांत असताना, स्वतःविषयी विचार करताना मेंदूचे जे प्रदेश एकत्र काम करतात त्यांच्याशी देठातील जागृतीची केंद्रके जोडलेली आहेत, आणि मध्यमस्तिष्कातील डोपामाइन बनवणारा ‘व्हेन्ट्रल टेगमेंटल एरिया’ हा प्रदेश या जोडणीत मध्यवर्ती आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. जाग आणि भान यांच्यामधली वाट माणसात कुठून जाते, याचा हा आजवरचा सर्वांत तपशीलवार आराखडा म्हणता येईल.

महाराष्ट्र आणि गोवा यांचा या देठाशी एक थेट संबंध आहे, आणि तो आपण विसरू नये. भारताच्या संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो अमलात आला तेव्हा राज्यांपैकी महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांनाच तो प्रथम लागू झाला. या कायद्यात मृत्यूचे जे रूप नव्याने मान्य झाले, त्याचे नावच ‘मस्तिष्कस्तंभ मृत्यू’ असे आहे: देठाची सर्व कार्ये कायमची आणि परत न येणाऱ्या रीतीने थांबली की माणूस मृत. अमेरिकेत संपूर्ण मेंदूचे कार्य थांबणे ही कसोटी रूढ होती. ब्रिटनने १९७६ साली देठाचा निकष स्वीकारला होता आणि भारतीय कायद्याने तीच वाट धरली. साडेचारशे वर्षांपूर्वी जो नुसता पूल होता, तो इथे जीवन आणि मृत्यू यांची कायदेशीर हद्द झाला.

मात्र ही हद्द तपासायला कायद्याला एमआरआय लागत नाही. बाहुलीवर प्रकाश टाकला तर ती आकसते का, घशाला स्पर्श केला तर खोकला येतो का, श्वासयंत्र बाजूला केले तर स्वतःचा श्वास येतो का, अशा खाटेपाशी होणाऱ्या चाचण्या ठरावीक अंतराने दोनदा करून डॉक्टरांचे मंडळ निर्णय देते. तेथे प्रश्न स्पष्ट आहे आणि उत्तरही. अवघड जागा हद्दीच्या अलीकडे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर, २०१५ साली मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयात होत्या. त्या यंत्राविना श्वास घेत होत्या; कायद्याच्या कोणत्याही अर्थाने त्या मृत नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यांच्या बाबतीतला दयामरणाचा अर्ज फेटाळला, तेव्हा त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचे आणि डॉक्टरांचे म्हणणे निर्णायक ठरले. जाग होती, भान किती होते, हा प्रश्न नकाशाने सोडवलेला नव्हता. तो जवळच्या माणसांच्या साक्षीवर सोडावा लागला.

आज तरी नकाशा तो सोडवू शकेल का? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आज्ञेला बाहेरून काहीही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने ती आज्ञा पाळल्याची खूण यंत्रांना मिळाली. म्हणजे दर चार जणांत एक. हा आकडा आम्हाला अस्वस्थ करतो. खाटेपाशी बसून ‘त्याला कळतंय का हो?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकाला ‘नाही’ असे उत्तर देणे किती जोखमीचे आहे, हे तो सांगतो. त्याच वेळी उलट जोखीमही खरी आहे. तीन मृत आणि ८४ निरोगी मेंदूंवरून काढलेला आराखडा समोरच्या जखमी मेंदूवर ठेवला, एखादी वाट शाबूत दिसली आणि त्यावर घरच्यांची आशा बांधली, तर ती वाट प्रक्षिप्तही असू शकेल. वाट दिसणे म्हणजे चालणारा दिसणे नव्हे. आणि वाट न दिसणे म्हणजे ती नसणेही नव्हे.

विज्ञानाच्या या शाखेला आमच्या मते सर्वांत अधिक गरज आहे ती चांगल्या वाचकांची. चांगला वाचक संहितेवर अविश्वास दाखवत नाही आणि तिला शरणही जात नाही. हा पाठ कोठून आला, कोणत्या हाताने उतरवला, कोणती ओळ अनुमानाची आहे, हे तो विचारत राहतो. व्हारोलिओने मेंदू पालथा केला, मोरुझ्झी-मॅगून यांनी ‘हाक बाहेरून येते’ हे गृहीत उलटवले, आणि आजचे नकाशाकार देठाला वाहकाऐवजी भागीदार मानून पाहत आहेत. प्रत्येक वेळी वस्तू तीच होती. तिच्याकडे पाहणारा बदलला. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर थांबलेल्या माणसांना आज या नकाशातून ठाम उत्तर मिळणार नाही. पण त्यांचा प्रश्न वेडा नाही आणि तो विचारण्याची वेळ अजून संपलेली नाही, इतके हा नकाशा आजही प्रामाणिकपणे सांगू शकतो.